शिवी होण्याआधीचा पॉप्युलिस्ट

1889 साली अमेरिकेतल्या अटलांटाच्या प्रदर्शनात हजारो शेतकऱ्यांच्या साक्षीने दोन लग्नं एकदम लागली. दोन्ही नवरे आणि दोन्ही नवऱ्या बारदानाचे कपडे घालून उभ्या होत्या. बारदान म्हणजे कापसाच्या गाठीला गुंडाळतात ते जाडंभरडं कापड. फक्त हे तागाचं नव्हतं, सुताचं होतं, आणि सगळा मुद्दा तोच होता. आदल्या वर्षी तागाचं बारदान करणाऱ्या कारखानदारांनी आपसात संगनमत करून वाराचा भाव 7 सेंटांवरून 11-12 सेंटांवर नेला होता. कापूस वेचून झाला, सरकी निघाली, तरी गाठ बांधल्याशिवाय माल हलत नाही. गाठीला बारदान लागतं, त्याला ताग लागतो, आणि तो ताग थेट आपल्या बंगालातून जायचा. कारखानदारांनी हिशेब केला की शेतकरी ओरडेल आणि देईल.

शेतकऱ्यांनी दिले नाहीत. 'फार्मर्स अलायन्स' नावाच्या त्यांच्या संघटनेने तागावर बहिष्कार घातला आणि सुती बारदान विणून घेतलं. त्यात तोटाही होता. कापूस विकत घेणारा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा व्यापारी गाठीच्या वजनातून बारदानाची सरसकट घट धरायचा. सुती कापड हलकं, म्हणजे धरलेली घट जास्त आणि मार शेतकऱ्याला. तोही सोसला. शेवटी कारखानदारांची एकी फुटली आणि भाव खाली आले. ती दोन लग्नं त्याच लढ्यातली.

दोन-तीन वर्षांत याच माणसांना 'पॉप्युलिस्ट' हे नाव पडलं. आज तो शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. कुठल्याही वाहिनीवर चर्चा लावा. कर्जमाफी जाहीर झाली की 'पॉप्युलिस्ट', वीजबिल माफ केलं की 'पॉप्युलिस्ट', कुणी नेता मंचावरून परक्यांच्या नावाने बोटं मोडू लागला की तोही 'पॉप्युलिस्ट'. मराठीत आपण त्याचं 'लोकानुनय' करून टाकलंय. म्हणजे लोकांना जे गोड लागतं ते बोलायचं, खिशात पैसा नसताना वाटायचं आणि हिशेब पुढच्याच्या गळ्यात मारायचा. एका कार्यक्रमात मी स्वतःही हा शब्द असाच फेकला होता. नंतर घरी येऊन मूळ मंडळींबद्दल वाचायला बसलो आणि लाज वाटली. माझं म्हणणं असं की मूळचे पॉप्युलिस्ट लोकानुनयी नव्हते. उलट ज्या वर्षी त्यांनी लोकानुनय केला, त्याच वर्षी ते संपले.

आधी त्यांचं दुखणं बघू, कारण ते मराठी वाचकाला नवं नाही. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत पैसा उरलेला नव्हता. बँका मोजक्याच, त्यातही राष्ट्रीय बँकांना शेतजमीन तारण घेऊन कर्ज द्यायला कायद्याने बंदी. मग पेरणीला बी कुठून आणायचं, घरात पीठ कुठून आणायचं? गावातल्या दुकानदाराकडून. दुकानात प्रत्येक वस्तूचे दोन भाव असायचे, एक रोखीचा आणि एक उधारीचा. उधारीचा भाव आधीच चढा, त्यावर वर्षअखेर व्याज. दोन्ही मिळून दर शेकडा 25 सहज जायचा, कितीतरी ठिकाणी 50च्याही पुढे. बदल्यात दुकानदार लिहून घ्यायचा ते उभं पीक, तेही जमिनीतून वर यायच्या आधी. आणि अट अशी की पीक कापसाचंच हवं, कारण कापूस हमखास विकला जातो. मका किंवा भाजीपाला लावतो म्हटलं की दुकानदाराचा हात आखडला. म्हणजे ज्याच्या शेतात पोटापुरतं पिकू शकलं असतं, त्याने पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस दुकानातून उधारीवर आणायचं.

शरदात सगळा कापूस जिनिंगवर जायचा आणि मग हिशेबाचा दिवस. दुकानदार खातं उघडायचा, वर्षभरात नेलेलं सगळं वाचून दाखवायचा. गुळाची काकवी, नांगराचा फाळ, बायकोच्या कपड्याचं छापील कापड, तपकीर. गिऱ्हाईकाला बहुधा वाचता येत नसे. बेरीज व्हायची, कापसाची किंमत वजा व्हायची आणि काहीतरी बाकी राहायचीच. बाकी राहिली की पुढच्या वर्षीचं पीक त्याच दुकानाला बांधलेलं. दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नाही. कृष्णवर्णीय कुळं या दुकानदाराला नुसतं 'द मॅन' म्हणायची. आपल्याकडे सवाई-दिडीने धान्य उचललेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना 'तो' कोण हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक धागा तर खरोखरच आपल्या दारापर्यंत येतो. अमेरिकेत युद्ध चालू होतं तोवर लिव्हरपूलला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1865 साली युद्ध थांबलं, भाव कोसळला, मुंबईत शेअरबाजार बसला आणि गावोगाव सावकाराचं कर्ज मात्र होतं तसंच उभं राहिलं. 12 मे 1875ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि खतं-वह्या जाळल्या. सरकारने चौकशी नेमली, 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. जवळपास त्याच सुमारास, 1877च्या आसपास, टेक्सासमधल्या लॅम्पासस परगण्यात काही शेतकऱ्यांनी एक मंडळ काढलं. तेच पुढे फार्मर्स अलायन्स झालं. बाजार एकच, लिव्हरपूलचा. इथे खतं जाळली गेली. तिथे शेतकरी स्वतःची खतावणी लिहायला बसले.

त्यांच्या खतावणीतलं पहिलं गणित पैशाचं होतं. युद्धात सरकारने हिरव्या कागदी नोटा काढल्या होत्या. युद्ध संपल्यावर धनकोंचा आग्रह सुरू झाला की नोटा आवरा आणि पुन्हा सोन्यावर या. 1873 साली चांदीच्या डॉलरची टाकसाळ कायद्याने बंद झाली, 1879 साली डॉलर सोन्याला पक्का बांधला गेला. माणसं वाढली, शेतं वाढली, रेल्वे वाढली, पैसा त्या मानाने वाढेना. सगळ्या वस्तूंचे भाव वर्षानुवर्षं उतरत राहिले. शहरात बसून व्याज खाणाऱ्याला यात गैर काही दिसत नव्हतं. कर्जदाराचं काय झालं ते एका उदाहरणात बघा. कापूस पौंडाला 10 सेंट असताना कुणी हजार डॉलर कर्ज काढलं, म्हणजे त्याने 10,000 पौंड कापूस देणं पत्करलं. भाव 5 सेंटांवर आला की तेच कर्ज फेडायला 20,000 पौंड कापूस लागणार, व्याज वेगळंच. हे उदाहरण मी सोयीसाठी घेतलेलं नाही. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला दहा-अकरा सेंटांना जाणारा कापूस 1894 साली पाचाच्याही खाली गेला. गहू डॉलरच्या वरून अर्ध्या डॉलरवर आला. कॅन्ससमध्ये मक्याचा भाव इतका पडला की लोकांनी हिवाळ्यात कोळशाऐवजी मका जाळून घर गरम ठेवलं.

विद्वान म्हणत होते की शेतकरी जास्त पिकवतोय म्हणून भाव पडतोय. शेतकरी विचारत होता, शहरात माणसं उपाशी आहेत आणि माल जास्त कसा?

अलायन्सने यावर जे केलं त्याला लोकानुनय म्हणायचं तर शब्दकोश बदलावा लागेल. त्यांनी व्याख्याते नेमले. गावोगाव शाळेच्या खोलीत कंदील लावून बैठका व्हायच्या. त्यात व्याजदर, मालवाहतुकीचं भाडं, चलन, सहकारी खरेदी-विक्री यांवर बोलणं चालायचं. बायकांना मताचा अधिकार नव्हता, पण अलायन्सचं सभासदत्व होतं, आणि मेरी एलिझाबेथ लीझसारखी कॅन्ससची वकील बाई मैदानी सभा गाजवत होती. या सभांमध्ये काही वाटलं जात नव्हतं. उलट मागितलं जात होतं. टेक्सासच्या अलायन्सने डॅलसला स्वतःचं खरेदी-विक्री केंद्र उघडलं आणि पुढे 'जॉइंट नोट' ही युक्ती काढली. ज्यांच्या नावे जमीन आहे अशा शेतकऱ्यांनी भूमिहीन शेजाऱ्यासोबत एकाच खतावर सही करायची आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या कर्जाला जामीन राहायचं, म्हणजे कुणालाच दुकानदाराकडे जावं लागणार नाही. आपली चाळीस एकर जमीन शेजाऱ्याच्या कर्जासाठी अडकवणं म्हणजे काय, हे गावात राहिलेला माणूस जाणतो. भाऊ भावाला जामीन राहत नाही.

बँकांनी त्या खतांवर पैसे द्यायला नकार दिला. 9 जून 1888ला केंद्र वाचवण्यासाठी टेक्सासभर तालुक्याच्या कचेऱ्यांसमोर शेतकरी जमले, वर्गण्या झाल्या. पुरल्या नाहीत. वर्ष-दीड वर्षात केंद्र बुडालं.

केंद्राचा कर्ताधर्ता होता चार्ल्स मॅक्यून. लहानपणीच बाप गेलेला, शाळा अर्धवट, स्वतःच वाचून डॉक्टर आणि वकील झालेला माणूस. केंद्र बुडाल्यावर त्याने ओळखलं की नड सहकाराच्या आतली नाही. पैसा ज्याच्या हातात आहे तो जोवर दार उघडत नाही, तोवर शेतकऱ्यांनी कितीही एकी केली तरी ती भिंतीला धडकणार. 1889च्या डिसेंबरात सेंट लुईसच्या अधिवेशनात त्याने 'सब-ट्रेझरी' योजना मांडली. ज्या परगण्यात वर्षाला पाच लाख डॉलरचा शेतमाल विकला जातो, तिथे सरकारने गोदाम बांधावं. शेतकऱ्याने कापूस, गहू, मका तिथे ठेवावा आणि पावती घ्यावी. त्या दिवशीच्या बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत सरकारने त्याला नव्या नोटा कर्जाऊ द्याव्यात, व्याज शेकडा 1, गोदाम-विम्याचा खर्च वेगळा. वर्षाच्या आत भाव बरा आला की माल विकून कर्ज फेडायचं.

ही कल्पना ओळखीची वाटते ना? आपल्या बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 180 दिवस, 6 टक्के. माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी तसं सोयाबीन ठेवलं होतं. पावती मिळायला तीन खेपा पडल्या, पण आवक दाटलेली असताना अडत्यापुढे हात जोडायची वेळ आली नाही. या योजनेवर निवडणुकीत भाषण केलेलं मी तरी ऐकलेलं नाही. गोदामाच्या पावतीवर टाळी पडत नाही.

मॅक्यूनच्या कल्पनेत मात्र आणखी एक पाऊल होतं, आणि ते मला सगळ्यात धारदार वाटतं. गोदामात माल आला की बाजारात नोटा येणार, माल उचलला की नोटा परत जाणार. सुगीला पैशाची ओढ लागते तेव्हाच चलन वाढेल आणि गरज संपली की आटेल. सोन्याच्या खाणीत काय सापडतं यावर देशाचा व्यवहार टांगून ठेवण्यापेक्षा पिकावर ठेवा, असं तो म्हणत होता. त्या काळच्या अर्थपंडितांनी याला वेडगळपणा ठरवलं. आज जगात एकही देश सोन्याला बांधलेला नाही, आणि हंगामानुसार पैशाची चणचण होऊ न देणं हे प्रत्येक मध्यवर्ती बँकेचं रोजचं काम आहे.

थट्टा करायला तेव्हा पंडितच हवेत असं नव्हतं, वर्तमानपत्रं पुरेशी होती. कॅन्ससचा जेरी सिम्प्सन 1890च्या प्रचारात म्हणाला की माझा प्रतिस्पर्धी रेशमी मोजे घालतो. झालं, पत्रकारांनी त्याचं नाव ठेवलं 'सॉकलेस जेरी', बिनमोज्यांचा जेरी. त्याने ते नाव मिरवलं आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेला. त्याच वर्षी कॅन्ससचं खालचं सभागृह अलायन्सवाल्यांनी काढलेल्या नव्या पक्षाच्या हाती आलं. पुढल्या वर्षी 'पीपल्स पार्टी'च्या माणसाला एका शब्दात म्हणायचं काय, हा प्रश्न पडला. लॅटिनमधल्या लोकवाचक शब्दावरून तिथेच कॅन्ससमध्ये 'पॉप्युलिस्ट' हा शब्द जुळवला गेला.

4 जुलै 1892ला नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात पक्षाचा जाहीरनामा मंजूर झाला. प्रस्तावना इग्नेशियस डॉनेलीची. एकाच सरकारी अन्यायाच्या पोटी भटके भिकारी आणि लक्षाधीश हे दोन वर्ग जन्मताहेत, हे त्यातलं गाजलेलं वाक्य. पण डॉनेलीच्या भाषेपेक्षा खालची कलमं वाचण्यासारखी आहेत. चढत्या दराचा प्राप्तिकर. टपाल खात्यात बचत बँक. रेल्वे, तारायंत्र आणि टेलिफोन सरकारी मालकीचे. सब-ट्रेझरी. जोडीच्या ठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट लोकांकडून निवड. सोळाला एक या प्रमाणात, म्हणजे सोळा भार चांदी बरोबर एक भार सोनं धरून, चांदीची मुक्त नाणेपाडणीही होती, पण ती अनेकांतली एक. अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं मिळाली, म्हणजे साडेआठ टक्के. कॅन्सस, कोलोरॅडो, आयडाहो आणि नेवाडा ही राज्यं जिंकली, निर्वाचक मतं 22. जॉर्जियात वीव्हरवर अंडी फेकली गेली. दोन वर्षांच्या पक्षाला एवढं यश थोडं नाही.

इथवर वाचून मी त्यांची आरती करतोय असं वाटलं असेल. त्यांचं काळं पान वाचलं नाही, तर ही निव्वळ वकिली होईल.

1955 साली रिचर्ड हॉफस्टॅडर या नामवंत इतिहासकाराने पॉप्युलिस्टांवर बोट ठेवलं की ही माणसं सगळीकडे कट बघत होती आणि लंडनच्या सावकारांच्या नावाने बोलताना त्यांच्या भाषेत ज्यूद्वेष डोकावत होता. त्यात तथ्य आहे. रॉथशिल्ड हे ज्यू बँकवाल्यांचं घराणं आणि 'शायलॉक' हा शेक्सपिअरच्या नाटकातला ज्यू सावकार, ही नावं त्यांच्या पत्रकांत सापडतात. ओमाहाच्या ठरावांत स्थलांतरितांना आवर घालण्याची मागणीही आहे. पण त्या काळी ज्यूंना क्लबात न घेणारे पूर्वेकडचे सभ्य गृहस्थ या बाबतीत पॉप्युलिस्टांपेक्षा बरे होते असं मानायला काही आधार दिसत नाही. हॉफस्टॅडर यांनी शेतकऱ्यांना एका मापाने मोजलं, सभ्यांना दुसऱ्या.

मला जास्त बोचतं ते 1891 सालचं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची अलायन्स वेगळी होती, 1886 साली टेक्सासमध्ये निघालेली. ती आपली सभासदसंख्या बारा लाख सांगायची. वेगळी का? कारण गोऱ्यांची अलायन्स त्यांना घेत नव्हती. 1891च्या सुगीत कृष्णवर्णीय अलायन्सच्या पुढाऱ्यांनी कापूसवेचणीचा संप पुकारला. मागणी होती शंभर पौंड वेचणीला एक डॉलर. मिळत होते पन्नास सेंटांच्या आसपास. गोऱ्या अलायन्सचा राष्ट्रीय अध्यक्ष लिओनिडस पोक याने आपल्या सभासदांना सांगितलं की पन्नास सेंटांपेक्षा जास्त देण्यापेक्षा कापूस शेतात राहू द्या. आर्कान्सॉच्या ली परगण्यात संपकऱ्यांचा शिकारीसारखा पाठलाग झाला आणि पंधराच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांतल्या कित्येकांना पकडून नंतर फाशी दिलेलं.

गोऱ्या अलायन्समधला सावकारग्रस्त शेतकरी वेचणीच्या दिवशी स्वतः मालक होता. त्याचं दुखणं खरं होतं, आणि त्याच्या बांधावर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचं दुखणं त्याला दिसत नव्हतं. 'शेतकरी' या एका शब्दात जमीनधारक आणि मजूर दोघांना कोंबलं की असंच होतं. विदर्भात किंवा मराठवाड्यात हमीभावाच्या मागणीत वेचणीच्या मजुरीचा दर कितीदा येतो, ते वाचकाने आठवून बघावं.

हे ज्याला कळलं होतं असा एक माणूस होता, जॉर्जियाचा टॉम वॉटसन. 1892 साली त्याने लिहिलं की तुमची स्वतंत्रपणे लूट करता यावी म्हणून तुम्हा दोघांना वेगळं ठेवलंय, गोऱ्याला आणि काळ्याला. नुसतं लिहून तो थांबला नाही. त्याच्या प्रचारात फिरणाऱ्या एच. एस. डॉयल या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या जिवाला धोका आहे असं कळल्यावर त्याच्या सांगण्यावरून गोरे शेतकरी बंदुका घेऊन पहाऱ्याला आले. त्या निवडणुकीत ऑगस्टा शहरात मतदारांपेक्षा जास्त मतं पडली आणि वॉटसन हरला. लोकशाहीची ही करामत करणारा पक्ष होता डेमोक्रॅटिक. हे नाव लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

1893 साली मंदी आली, बँका बुडाल्या. त्याच जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्या टाकसाळी चांदीसाठी बंद केल्या. आपला रुपया चांदीचा. चांदी घसरल्याने तो 2 शिलिंगांवरून सव्वा शिलिंगाच्या आसपास आला होता, आणि लंडनला पौंडांत द्यायची रक्कम सरकारला झेपेना. जगातलं चांदीचं एवढं मोठं गिऱ्हाईक हटल्यावर चांदी आणखी आपटली. अमेरिकेत अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी ताबडतोब खास अधिवेशन बोलावलं आणि सरकारची चांदीखरेदी थांबवली. चांदीवाल्यांचं म्हणणं असं होतं की स्वस्त चांदीमुळे इंग्रज हिंदुस्थानातून गहू-कापूस पाण्याच्या भावात उचलतो आणि आमच्या शेतकऱ्याला मारतो. कॅन्ससच्या माळावर रुपयाच्या दरावर भाषणं व्हायची, हे मला आजही गमतीचं वाटतं.

आता चांदी ही फार सोयीची मागणी होती. कुणालाही एका वाक्यात समजते. टाकसाळ उघडा, पैसा येईल, भाव चढतील. गोदामं बांधायला नकोत, रेल्वे ताब्यात घ्यायला नको, दुकानदाराशी वैर नको. शिवाय तिला पैसेवाले पाठीराखेही होते, पश्चिमेतले खाणमालक. चांदीचा बाजारभाव सोन्याच्या तिसाव्या हिश्शावर आलेला असताना सरकारने सोळाव्या हिश्शाने घ्यावी, यात त्यांचं काय जाणार होतं! शिकागोचा लेखक हेन्री डेमारेस्ट लॉइड याने चांदीला काउबर्डची उपमा दिली. तो तिकडचा पक्षी आपल्या कोकिळेसारखाच, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा. लॉइड म्हणाला की दुसऱ्यांनी कष्टाने घरटं बांधेपर्यंत चांदी थांबली, मग तिने तिथे आपली अंडी घातली आणि आधीची ढकलून दिली. ती आता खाली फुटून पडलीत.

9 जुलै 1896ला शिकागोत डेमोक्रॅटिक अधिवेशनात 36 वर्षांचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन उठला. मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू देणार नाही, हे त्याचं वाक्य अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. भाषण अप्रतिम होतं. त्यात सब-ट्रेझरी नव्हती, रेल्वे नव्हती. पंधरवड्यात सेंट लुईसला पॉप्युलिस्टांचं अधिवेशन भरलं आणि प्रश्न उभा राहिला की आपणही ब्रायनलाच उभं करायचं का. पश्चिमेतले म्हणाले, हो, जिंकायची हीच संधी आहे. दक्षिणेतल्या प्रतिनिधींच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या डेमोक्रॅटांनी मतपेट्या चोरल्या, माणसं मारली, त्यांच्याच उमेदवाराला मत मागायला गावात कोणत्या तोंडाने जायचं? शेवटी बहुमताने ब्रायन ठरला. उपाध्यक्षपदासाठी मात्र डेमोक्रॅटांचा आर्थर सेवॉल, म्हणजे मेनचा बँकवाला आणि जहाजबांधणीवाला, नाकारून टॉम वॉटसनचं नाव घातलं. एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष. मतदाराने समजायचं काय?

मला या सगळ्यात खरा लोकानुनय दिसतो तो इथे. दहा वर्षं कंदिलाच्या उजेडात बसून लोकांना कठीण गणित शिकवलं, आणि ऐन वेळी टाळ्यांच्या वाक्यावर सगळा फड लावला. काही जाणकार म्हणतात की दुसरा मार्ग नव्हता. वेगळे लढले असते तर चांदीचीही मतं गेली असती आणि पक्ष तसाही मेला असता. असेल. पण मेला असता तर आपला जाहीरनामा घेऊन मेला असता. ब्रायन पडला. रिपब्लिकन पक्षाचा मॅकिन्ली 71 लाख मतं घेऊन आला, ब्रायनला 65 लाख. पॉप्युलिस्ट पक्ष त्यानंतर नावापुरता उरला.

दक्षिणेत मग वचपा निघाला. नॉर्थ कॅरोलायनात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन एकत्र येऊन सत्तेवर आले होते. 10 नोव्हेंबर 1898ला विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्यांनी निवडून आलेली नगरपालिका उलथवली आणि कृष्णवर्णीयांची कत्तल केली. गरीब गोरा आणि काळा पुन्हा एका पेटीत मत टाकणार नाहीत, याची तजवीज कायद्याने झाली. लुइझियानात 1896 साली 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते; 1904 साली 1,342. साक्षरतेच्या आणि करांच्या अटींत कितीतरी गरीब गोरेही मतदारयादीतून गळले. आणि टॉम वॉटसन? तो पुढे कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा कडवा शत्रू झाला, आपल्या पत्रातून ज्यूद्वेष ओकू लागला, आणि 1915 साली लिओ फ्रँक या कारखान्याच्या ज्यू व्यवस्थापकाला जमावाने फासावर लटकवलं त्यामागे त्याच्या लेखणीचं विष होतं. 1920 साली तो दिमाखात सिनेटवर निवडून गेला. आज 'पॉप्युलिस्ट' म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो तो हा नंतरचा वॉटसन आहे. आधीचा वॉटसन हरवला, आणि त्याला हरवणारे सभ्य लोक होते.

भाव पुढे चढले, पण चांदीने नव्हे. दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याने पैसा वाढला आणि 'पैसा थोडा आहे म्हणून भाव पडतात' हे शेतकऱ्यांचं म्हणणं त्यांच्या विरोधकांच्याच धातूने खरं ठरवलं. जाहीरनाम्यातली कलमं एकेक करून दुसऱ्यांच्या हातून मार्गी लागली. टपाल बचत बँक 1910 साली. प्राप्तिकर न्यायालयाने 1895 साली रद्द केला होता. 1913 साली घटनाच दुरुस्त करून तो आला, आणि त्याच वर्षी सिनेटरांची थेट निवडणूकही. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण राहिलं.

सब-ट्रेझरीला सगळ्यात जास्त वेळ लागला. 1933च्या ऑक्टोबरात, कापूस पुन्हा मातीमोल झालेला असताना, रूझवेल्ट सरकारने कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन काढली. गोदामात ठेवलेल्या कापसावर शेतकऱ्याला पौंडाला 10 सेंट कर्ज मिळू लागलं. भाव आला नाही तर कापूस सरकारने ठेवून घ्यायचा आणि कर्ज फिटलं असं धरायचं. चार्ल्स मॅक्यून तेव्हा हयात होता. राजकारण सोडून मेथडिस्ट पंथाचा पाद्री म्हणून त्याने कितीतरी वर्षं काढली होती. वय 82. टेक्सासातच होता.